चपलेचे खरे माप गिऱ्हाइकाच्या फरशीवर: दुकानासाठी एआर मॉडेल बनवण्याची रीत

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत आलेले गिऱ्हाईक चप्पल आधी हातात घेते, तळ वाकवून बघते, वेणीवरून बोट फिरवते आणि मग पायात घालून दोन पावले टाकते. त्या दोन पावलांत सौदा ठरतो किंवा मोडतो. पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात बसून चप्पल मागवणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. त्याच्यापुढे व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो असतो, आणि फोटोत तळाची जाडी, कानांची (दोन्ही बाजूंच्या चामडी पाकळ्यांची) रुंदी किंवा एकूण आकारमान यांचा अंदाज क्वचितच नीट येतो. माझ्या मामांच्या दुकानातून पार्सलने गेलेल्या आणि परत आलेल्या चपलांबरोबर सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेले वाक्य ‘फोटोत एवढी मोठी वाटली नव्हती’ हेच आहे. ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे एआर, नेमकी याच अडचणीवर उपयोगी पडते: चपलेचे त्रिमितीय मॉडेल गिऱ्हाइकाला स्वतःच्या फोनमधून, स्वतःच्या घरातल्या फरशीवर, प्रत्यक्ष मापात ठेवलेले दिसते. असे मॉडेल कसे बनवावे, त्यासाठी फोन कोणता घ्यावा आणि बाजारातल्या कोणत्या आकर्षणांकडे दुर्लक्ष करावे, ते येथे सांगतो.

आधी बाजाराचा कल ओळखावा

‘एआरसाठी खास फोन घ्यावा लागतो का?’ हा प्रश्न मला राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या दुकानदाराने विचारला होता. याचे उत्तर मागच्या दहा-बारा वर्षांच्या इतिहासातच आहे. गुगलने २०१४मध्ये फोनवर एआर आणण्याचा ‘टँगो’ हा प्रकल्प जाहीर केला. त्यासाठी समोरच्या वस्तूंचे अंतर मोजणारे खास कॅमेरे असलेला फोन लागे. २०१६मध्ये लेनोव्होचा फॅब २ प्रो आणि २०१७मध्ये आसूसचा झेनफोन एआर असे दोनच फोन बाजारात आले, आणि मार्च २०१८मध्ये टँगोचा पाठिंबा बंद झाला. दरम्यान जून २०१७मध्ये ॲपलने एआरकिट आणि ऑगस्ट २०१७मध्ये गुगलने एआरकोअर जाहीर केले होते. एआर चालवणारी ही दोन्ही साधने लोकांच्या खिशात आधीपासून असलेल्या साध्या कॅमेऱ्यावर चालतात, आणि तीच टिकली. पुढे सॅमसंगने २०२०च्या एस२० प्लस आणि एस२० अल्ट्रा या फोनांत अंतर मोजणारा वेगळा कॅमेरा दिला आणि २०२१च्या एस२१ मालिकेत तो काढूनही टाकला. आयफोनमध्ये लायडार हा लेझरने अंतर मोजणारा सेन्सर २०२०च्या १२ प्रोपासून आहे; पण तो केवळ प्रो मॉडेलांत मिळतो.

चष्म्यांचेही तेच. ॲपलचे व्हिजन प्रो हे डोळ्यांवर चढवायचे यंत्र फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरना विक्रीस आले. २०२५मध्ये भारतात आलेल्या रे-बॅन मेटा चष्म्यात कॅमेरा आणि स्पीकर आहेत, मात्र काचेवर चित्र उमटवणारा पडदा नाही, त्यामुळे त्यातून चप्पल दिसण्याचा प्रश्नच येत नाही. चष्म्यांचे दिवस येतील तेव्हा येतील. आजचे गिऱ्हाईक फोन घेऊनच बसलेले आहे, आणि तो फोन बहुधा नवा नाही. भारतात २०२१मध्ये सुमारे १६ कोटी स्मार्टफोन बाजारात गेले होते. त्यानंतर हा आकडा १५ कोटींच्या आसपास रेंगाळत राहिला, कारण लोक आता हातातला फोन पूर्वीपेक्षा जास्त दिवस वापरतात. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ या मालिकांपासून सात वर्षे अपडेट देण्याची हमी मिळू लागली. शिवाय २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपा महागल्याने नवा फोन घेण्याचा निर्णय आणखी पुढे ढकलला जात आहे. आपल्या कामापुरता याचा अर्थ सरळ आहे: जे मॉडेल तीन-चार वर्षांच्या, मध्यम किमतीच्या फोनवर सहज उघडत नाही, ते न बनवलेलेच बरे.

दुकानासाठी फोन निवडताना

एआर कशावर चालते हे एकदा समजले की विक्रेत्याच्या बोलण्यातले निम्मे मुद्दे आपोआप गळून पडतात. फोन कॅमेऱ्याच्या चित्रात कोपरे, डाग, रेषा, नक्षी असे ओळखता येण्याजोगे बिंदू शोधतो आणि फोन हलला की ते बिंदू चित्रात कुठून कुठे सरकले ते पाहतो. त्याच वेळी ॲक्सेलरोमीटर फोनच्या हालचालीचा वेग कसा बदलतो ते मोजतो आणि जायरोस्कोप फोन किती वळला ते मोजतो. या दोन्ही हिशोबांची सांगड घालून फोन स्वतःची जागा ठरवतो, आणि म्हणूनच आपण चालत मागे गेलो तरी फरशीवर ठेवलेली चप्पल जागच्या जागी राहते. यात मेगापिक्सेलची संख्या जवळजवळ बिनमहत्त्वाची आहे. जायरोस्कोप मात्र नसेल तर सगळेच थांबते, आणि स्वस्त फोनांत पैसे वाचवण्यासाठी अनेकदा नेमका तोच वगळलेला असतो.

हे मी अनुभवाने शिकलो. मामांच्या दुकानासाठी मी ऑनलाइन सेलमध्ये नऊ हजारांचा एक फोन मागवला. कॅमेऱ्याचे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होते; सेन्सरांची यादी पानाच्या अगदी तळाशी होती आणि ती मी वाचली नव्हती. फोन आल्यावर एआरचे बटण दिसेचना. जायरोस्कोप नव्हताच, आणि फोन परत करण्याची मुदतही मी कारण शोधण्यातच घालवली होती. तो फोन आता गल्ल्याशेजारी यूपीआयचे पैसे आल्याचे पाहण्याच्या कामी येतो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वैशिष्ट्यांच्या यादीत जायरोस्कोप स्पष्ट लिहिलेला असावा. ‘व्हर्च्युअल’ असे विशेषण त्याला जोडलेले असेल तर तो खरा सेन्सर नव्हे. दुसरी, फोनचे नेमके मॉडेल गुगलच्या एआरकोअर यादीत असावे. गुगल प्रत्येक मॉडेलचा कॅमेरा, हालचालीचे सेन्सर आणि प्रोसेसर तपासून मगच त्याला यादीत घेते. त्यामुळे एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्या दोन फोनांपैकी एक यादीत असतो आणि दुसरा नसतो. नावातला ‘प्रो’, ‘प्लस’ किंवा ‘लाइट’ हा शेवटचा शब्दसुद्धा जुळवून पाहावा. आयफोनच्या बाबतीत ही चिंता नाही, कारण ६एस आणि त्यानंतरच्या सर्व आयफोनांवर एआरकिट चालते.

वापरलेला फोन घेण्यास माझा विरोध नाही. उलट या कामासाठी जुना पण वरच्या श्रेणीचा फोन नव्या स्वस्त फोनपेक्षा सरस ठरतो. मात्र घेण्याआधी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख-क्रमांक काढावा, आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवावा. उत्तरात क्रमांक काळ्या यादीत असल्याचे किंवा दुसरीकडे वापरात असल्याचे आले, तर विकणारा कितीही ओळखीचा असला तरी तो फोन घेऊ नये.

दुकानातच करता येण्याजोगी एक चाचणी आहे. वेबपानावर त्रिमितीय मॉडेल दाखवणाऱ्या गुगलच्या ‘मॉडेल-व्ह्यूअर’ या साधनाच्या संकेतस्थळावर नमुन्यादाखल अंतराळवीराचे मॉडेल आहे; ते उघडून एआरचे बटण दाबावे आणि त्याला जमिनीवर ठेवावे. मग दहा पावले दूर जावे, पाठ फिरवावी, परत यावे. अंतराळवीर वीतभर सरकलेला असेल तर फोन बाजूला ठेवावा. फोनच्या दुकानांत बहुधा चकाकती पांढरी फरशी असते आणि तिच्यावर ओळखण्याजोगे बिंदू मिळत नसल्याने चांगला फोनही गोंधळतो. अशा वेळी कालचा ‘पुढारी’ मागून घेऊन जमिनीवर पसरावा. छापील अक्षरांइतके चांगले बिंदू फोनला दुसरीकडे मिळत नाहीत.

चप्पल स्कॅन करताना

आता मुख्य कामाकडे वळू. चपलेचे मॉडेल बनवण्याच्या सोप्या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात: एकाच वस्तूचे सगळ्या बाजूंनी बरेच फोटो काढायचे आणि त्यांवरून संगणकाने तिचा त्रिमितीय आकार जुळवायचा. पॉलिकॅम, किरी इंजिन, रिॲलिटीस्कॅन ही ॲप यासाठी वापरली जातात. यासाठी लायडार लागत नाही. खोली किंवा वाडा मोजायचा असेल तर लायडारचा फायदा मोठा आहे, पण चपलेएवढ्या वस्तूची बारीक वेणी त्यात उतरत नाही, ती फोटोंतूनच उतरते.

कोल्हापुरी चप्पल या पद्धतीला जणू मुद्दाम बनवल्यासारखी अनुकूल आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्यावर सुरकुत्या, छटा, टाके, वेणीची वीण असे असंख्य बिंदू असतात आणि कातडे फारसे चकाकतही नाही. विकायला ठेवण्यापूर्वी तेल लावून चमकवलेली चप्पल मात्र स्कॅनसाठी घेऊ नये. चमक म्हणजे बाजूच्या वस्तूंचे प्रतिबिंब, आणि कॅमेरा हलला की प्रतिबिंबही हलते. मग संगणकाला खरा बिंदू कोणता ते कळत नाही. याच कारणाने गुजरीतल्या एका सराफाच्या आग्रहावरून केलेला कोल्हापुरी साजाचा माझा प्रयत्न साफ फसला. मण्यांच्या जागी वितळलेल्या मेणासारखे काहीतरी तयार झाले. सोन्याचांदीचे दागिने त्रिमितीय आरेखनातून घडवावे लागतात आणि ते काम जाणकाराचे आहे. तेथे फोनने स्कॅन करण्यात वेळ घालवू नये.

उजेड मऊ आणि सगळीकडून सारखा हवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या महिन्यांतला ढगाळ दिवस हा या कामाचा सर्वोत्तम मुहूर्त. इतर दिवसांत उघड्या दाराजवळ, पण थेट ऊन लागणार नाही अशी जागा निवडावी. फ्लॅश पूर्ण बंद ठेवावा. एक स्टूल जागेच्या मधोमध ठेवून त्यावर वर्तमानपत्र अंथरावे आणि त्यावर एकच चप्पल ठेवावी. ती थेट कागदावर टेकवू नये. तळाखाली मधोमध काड्यापेटी सरकवून थोडी उचलून ठेवावी. या लहानशा युक्तीमुळे तळाची खालची कडा कागदापासून सुटी दिसते. नाहीतर मॉडेलमधला कागद कापून टाकताना तळाची दोन-तीन मिलिमीटर जाडीही त्याबरोबर जाते, आणि जाड तळाची कापशी चप्पल पातळ स्लिपरसारखी दिसू लागते.

फोटो काढताना चप्पल फिरवू नये, आपण स्टुलाभोवती फिरावे. एक फेरी चपलेच्या उंचीवर, दुसरी तिरक्या कोनातून आणि तिसरी जवळजवळ वरून, अशा तीन फेऱ्यांत प्रत्येकी पंचवीसेक फोटो पुरतात. लागोपाठच्या दोन फोटोंत निम्म्याहून बराच जास्त भाग सामाईक असला पाहिजे, म्हणजे एका फोटोसाठी अर्धे पाऊल सरकणे योग्य. कानांच्या खालची आणि अंगठ्यामागची जागा नेहमी निसटते, म्हणून तेथे वाकून आणखी आठ-दहा फोटो घ्यावेत. बहुतेक ॲप हे फोटो कंपनीच्या सर्व्हरवर पाठवून मॉडेल तयार करतात. ऐंशी-पंच्याऐंशी फोटोंचे दोनअडीचशे एमबी सहज होतात, तेव्हा दुकानात नेट बेताचे असेल तर हे काम घरी वाय-फायवर करावे.

मापाचा हिशोब

येथे बहुतेकांची चूक होते आणि सगळ्या खटपटीचे मोल याच टप्प्यावर ठरते. फोटोंवरून संगणकाला आकार कळतो, पण आकारमान कळत नाही. नऊ इंची चप्पल आणि नऊ फुटी चप्पल यांचे फोटो त्याच्या दृष्टीने सारखेच. त्यामुळे ॲपमधून निघालेले मॉडेल गिऱ्हाइकाच्या फरशीवर खेळण्यातल्या चपलेएवढे उमटू शकते किंवा होडीएवढेही. माझ्या पहिल्या मॉडेलने मामींच्या स्वयंपाकघराची अर्धी जमीन व्यापली होती.

उपाय साधा आहे. खऱ्या चपलेची टाचेपासून टोकापर्यंतची लांबी आणि टाचेजवळच्या तळाची जाडी पोलादी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवावी. मॉडेल ‘जीएलबी’ या प्रकारात उतरवून घ्यावे आणि संगणकावर ब्लेंडर या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडावे. तेथे आधी कागद, स्टूल आणि काड्यापेटीचा भाग कापून टाकावा, मग मॉडेलची लांबी खऱ्या मापाएवढी करावी. जीएलबी फाइलमध्ये एकक मीटर धरलेले असते, म्हणून २८.५ सेंटिमीटरची चप्पल ०.२८५ इतकी दिसली पाहिजे. लांबी जुळल्यावर तळाची जाडी तपासावी. ती जुळत नसेल तर कागद कापताना तळही कापला गेला आहे असे समजावे. शेवटी बदललेले माप ‘अप्लाय’ करून पक्के करावे, अन्यथा फाइल बाहेर काढताना जुने माप परत येण्याचा धोका राहतो.

दुसरी चप्पल स्कॅन करण्याची गरज नसते. ब्लेंडरमधील ‘मिरर’ वापरून डावीची उजवी करता येते. फक्त तळावर दुकानाचा शिक्का असेल तर तो आरशातल्यासारखा उलटा उमटतो, तेवढा झाकावा. यानंतर मॉडेलचा पृष्ठभाग ज्या लहान त्रिकोणांचा बनलेला असतो त्यांची संख्या ‘डेसिमेट’ने पन्नास हजारांच्या आत आणावी, आणि पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचा आकार वेगळा २०४८ पिक्सेलपर्यंत आणावा. पूर्ण फाइल पाच एमबींच्या आत बसली पाहिजे. वेणीचे बारीक काम चित्रातूनच दिसते, त्रिकोण कमी केल्याने ते फारसे बिघडत नाही.

गिऱ्हाइकापर्यंत पोचवताना

स्वतंत्र ॲप बनवून घेण्याच्या फंदात पडू नये. एक चप्पल बघण्यासाठी कोणी ॲप उतरवत नाही. समाजमाध्यमांतल्या फिल्टरवरही सगळा भार टाकू नये: मेटाने स्पार्क हे आपले साधन १४ जानेवारी २०२५ रोजी बंद केले, तेव्हा बाहेरच्या लोकांनी त्यावर बनवलेले फिल्टर इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरून एका दिवसात गेले. आपली जीएलबी फाइल मात्र आपल्याजवळ राहते आणि ती कोणत्याही साध्या वेबपानावर ठेवता येते. वर सांगितलेले मॉडेल-व्ह्यूअर मोफत आहे. ते पानात बसवले की एआर दाखवण्यासाठी अँड्रॉइडवर ब्राउझरमधलीच सोय किंवा गुगलचे सीन व्ह्यूअर आणि आयफोनवर ॲपलचे क्विक लूक आपोआप उघडते. आयफोनला यूएसडीझेड हा वेगळा प्रकार लागतो. मॉडेल-व्ह्यूअर तो जागच्या जागी तयार करून देते, पण रंग बिघडलेले दिसल्यास तशी फाइल ब्लेंडरमधून वेगळी काढून जोडावी. पानाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मॉडेल-व्ह्यूअरमधील एआरच्या मापाची सेटिंग ‘फिक्स्ड’ ठेवावी. तसे न केल्यास गिऱ्हाईक दोन बोटांनी चप्पल लहानमोठी करते आणि खऱ्या मापासाठी केलेले सगळे कष्ट वाया जातात.

मॉडेलखाली दोन ओळी मराठीत लिहाव्यात: कॅमेरा जमिनीकडे धरून फोन हळूहळू डावीउजवीकडे हलवावा, आणि फरशी गुळगुळीत असेल तर चटई किंवा वर्तमानपत्र पसरावे. शक्य असल्यास शेजारी आपली रोजची चप्पल ठेवायला सांगावे. डोळ्यांना ओळखीची वस्तू बाजूला असली की नव्या चपलेचा तळ किती जाड आणि पट्टा किती रुंद, हे न सांगताच कळते.

पायाचे माप मात्र एआरने घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. ब्रिटिश पद्धतीत चपलेचा एक नंबर म्हणजे एकतृतीयांश इंच, जेमतेम साडेआठ मिलिमीटर. फोनने मोजलेल्या लांबीत एखाद्या सेंटिमीटरची चूक सहज होते, म्हणजे एका नंबराहून जास्त. कागदावर पाय ठेवून, पेन्सिल उभी धरून कडेने आखून घ्यायची आपल्या कारागिरांची जुनी रीत यापेक्षा कितीतरी खात्रीची आहे. गिऱ्हाइकाने तसा कागद आखून, त्यावर पट्टी ठेवून फोटो पाठवावा. कोणती चप्पल हवी ते एआरने ठरते, कोणत्या नंबराची ते पेन्सिलीने.

जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि त्यावरून बराच गदारोळ उठला; त्या दिवसांत मामांकडेही दूरदूरच्या ओळखीच्या लोकांनी ‘खरी कशी असते ती दाखवा’ अशी मागणी केली. २०१९पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या नावे भौगोलिक मानांकन असलेली ही चप्पल कशी दिसते हे सांगायला मॉडेल उपयोगी पडते. मात्र मॉडेल हा अस्सलपणाचा दाखला नव्हे, म्हणून पानावर कातडे, कारागीर आणि गाव यांची खरी माहिती वेगळी द्यावी.

दुवा कोणालाही पाठवण्यापूर्वी शेवटची तपासणी अशी करावी. घरातला सर्वांत जुना चालता फोन घ्यावा, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघडावे आणि मॉडेल यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. दहाच्या पुढे गेल्यास फाइल आणखी हलकी करावी. मग ज्या चपलेवरून मॉडेल बनवले तीच चप्पल जमिनीवर ठेवून तिला खेटून मॉडेल ठेवावे आणि फोन खाली आणून बाजूने पाहावे. दोन्हींची टोके आणि तळाच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या तर पान पाठवण्याजोगे झाले. बोटभर फरक दिसला, तर आधी वर्तमानपत्र पसरून पुन्हा पाहावे. तरीही फरक राहिला, तर ब्लेंडर उघडून पट्टी परत हातात घ्यावी.